सातवं घर

“दर्शनी भागात म्हणजे नेमकं कुठे?” मी विचारलं.

प्रतिष्ठानच्या बाई गडबडल्या. त्यांच्या चपला दोन पावलं पुढे वाजल्या आणि थांबल्या. “म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसेल असं कुठेतरी.”

“इथे येणारे-जाणारे आम्ही दहा जण. त्यातल्या नऊ जणांना दिसत नाही. दहावे हे भाऊ. यांना दिसतं, पण चष्मा घरी विसरून येतात.”

“ताई,” भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं की ते असं ‘ताई’ म्हणतात. खरं तर मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, पण छापखान्यात सगळेच मला ताई म्हणतात आणि सगळेच थोडे वचकून असतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

फलक पितळी होता, जड आणि गार. ‘प्रतिष्ठानच्या अनुदानातून’ अशी अक्षरं कोरलेली. फलक दर्शनी भागात लावून त्याचा फोटो महिन्याच्या आत पाठवावा, असं करारातलं अकरावं कलम होतं. शेवटी तोडगा मीच काढला. फलक दाराशेजारी, उभ्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकायचा आणि त्याच्याखाली तोच मजकूर ब्रेलमध्ये चिकटवायचा. “आमच्याकडे याला दर्शनी म्हणतात,” मी म्हटलं. बाई हसल्या. आवाजावरून पोरसवदा वाटत होत्या, पण हसणं मोकळं होतं.

“तुम्हाला आमचे नियम जाचक वाटतात का हो?” त्यांनी विचारलं.

“मुळीच नाही. ज्याने मशीन दिलं त्याने विचारायलाच हवं, मशीनचं काय केलंत म्हणून. न विचारता देणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.”

हे मी मनापासून बोलले होते. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा माहीत नव्हतं.

आमचा ब्रेल छापखाना दोन खोल्यांचा. एका खोलीत मशीन, कागदाचे गठ्ठे आणि भाऊ. भाऊ म्हणजे आमचे व्यवस्थापक, मशीनवाले आणि शिपाई, सगळं एकाच पगारात. दुसऱ्या खोलीत लांब टेबल, पुस्तकांचं कपाट आणि मी. मी तपासनीस. छापून आलेलं पान बोटांनी वाचायचं, चूक असेल तर परत पाठवायचं, नसेल तर सही करायची. सहीसाठी माझ्याकडे खाच पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी आहे, त्या खाचेत पेन फिरवलं की सही ओळीत येते. एकतीस वर्षं मी हेच केलं. ताईंच्या बोटाखालून चूक सुटत नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

प्रतिष्ठानने आम्हाला नवं मशीन दिलं, तीन वर्षांचा माझा पगार कबूल केला आणि एक काम सोपवलं. ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली, त्यांना अगदी पहिल्यापासून ब्रेल शिकवणारी पाच पुस्तकं छापायची, प्रत्येकाच्या चाळीस प्रती, आणि दर बुधवारी त्यांचा वर्ग घ्यायचा. पहिल्या पुस्तकाचे धडे मीच रचले. सोपी वाक्यं. ‘ताईचा हात धरा.’ ‘बाहेर नळ आहे.’ ‘काळजी नको.’

करार चौदा कलमांचा. तो भाऊंनी माझ्यासाठी ब्रेलमध्ये काढून दिला आणि मी तो तीनदा वाचला. भाऊंनी एकदाही वाचला नसावा, सही मात्र त्यांनी माझ्याआधी ठोकली. सहाव्या कलमात माझं नावच होतं म्हणा ना. पुस्तकाची पहिली प्रत तपासनिसाने स्वतःच्या बोटांनी संपूर्ण वाचून सही करावी आणि ती प्रत कपाटात जपून ठेवावी. नवव्यात, चूक आढळल्यास ती कशी झाली आणि जबाबदार कोण हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तपासणीत कसूर दिसल्यास पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा फेरविचार होईल. बाराव्यात, कोणी वर्ग सोडून गेल्यास त्याला भेटून कारण नोंदवावे. मला ही कलमं आवडली होती. आपण जसं वागतोच तसं कोणीतरी लिहून दिलं की बरं वाटतं.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. माझ्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. साखरेमुळे. वर्षभर झालं असेल. आधी सकाळी-सकाळी जाणवायचं, पातळ मोजे घातल्यासारखं, मग दिवसभर. घरी मी आणि वहिनी, माझा सख्खा थोरला भाऊ वारल्यापासून आम्ही दोघीच. एका सकाळी मी दुधाचं पातेलं शेगडीवरून उतरवून ओट्यावर ठेवलं, तर वहिनी धावत आली.

“अगं, फडकं कुठंय? नुसत्या हाताने धरलंस?”

“कोमट होतं.”

“कोमट? उकळत होतं गं.” तिने माझे हात ओढून नळाखाली धरले. मग म्हणाली, “डॉक्टर काय म्हणाले?”

“नसा एकदा गेल्या की परत येत नाहीत म्हणाले.”

“आणि ऑफिसात सांगितलंस?”

“काय सांगू? दूध तापवलं म्हणून?”

“उगीच तोंड चालवू नकोस. वाचता येतंय का तुला?”

“येतंय,” मी म्हटलं. आणि येत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. एकतीस वर्षं वाचलं की वाक्य कुठे चाललंय ते आधीच कळतं, बोटं नुसती मागून चालतात. त्यात पुस्तक माझंच. जे मीच लिहिलं ते मी वाचत होते आणि ते बरोबरच असायचं.

बुधवारच्या वर्गात सहा जण यायचे. त्यांत एक टेलरबाई होत्या, तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेल्या. दोन वर्षांपूर्वी कसल्याशा आजारात सहा महिन्यांत दोन्ही डोळे गेले. आवाज घोगरा, हसायच्या कमी. पण बोटं अशी की मी थक्क झाले. ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांचं एक घर. कुठले ठिपके वर आले यावर अक्षर ठरतं. बाकीच्यांना अक्षरं लावायला दोन-दोन महिने लागले, यांनी तीन आठवड्यांत संपवली. मी भाऊंना म्हटलंही, ही बाई वर्षात मला मागे टाकील.

मग पुस्तक हातात आलं आणि गाडं अडलं.

“ताईचा... बात धरा,” टेलरबाईंनी वाचलं. कोणीतरी फिसकन हसलं.

मी त्यांच्या पानावर बोट फिरवलं. “हात आहे. हात धरा. नीट वाचा.”

“मला बात लागतंय, बाई.”

“लागतंय म्हणजे? मी वाचतेय ना समोर.”

पुढच्या बुधवारी ‘बाहेर नळ आहे’ याचं त्यांनी ‘बाहेर मळ आहे’ केलं. आता सगळा वर्ग हसला. त्याच्या पुढच्या बुधवारी ‘काळजी मको’. बाकीचे पाच जण अजून चाचपडत होते, ते माझ्या मागून म्हणायचे आणि पुढे सरकायचे. अडायच्या त्या टेलरबाईच. माझा पारा चढला.

“अंदाजाने वाचू नका,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “अंदाजाने वाचायची खोड लागली ना, की जन्मात सुटत नाही.”

टेलरबाईंचं पुस्तक मिटल्याचा आवाज आला. पुढच्या बुधवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यानंतरच्याही. मग त्यांच्या मुलीने पुस्तक आणून भाऊंच्या हातात दिलं आणि आई आता येणार नाही म्हणाली.

“बारावं कलम,” मी भाऊंना म्हटलं.

“फोनवर विचारा की कारण. कोण तपासणार आहे?”

“‘भेटून’ असं लिहिलंय.”

दोन बस बदलून मी त्यांच्या घरी गेले. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिना अरुंद आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. आत शिरताच माझा गुडघा शिलाई मशीनला आपटला. त्यावर चादर घातली होती. खोलीत अजून नव्या कापडाचा वास होता. टेलरबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, मुलीला चहा टाकायला सांगितलं आणि समोर बसून राहिल्या.

“मला एक कारण लिहावं लागतं,” मी म्हटलं. “वर्ग का सोडला त्याचं.”

“लिहा, बोटं मेली.”

“असं कसं लिहू?”

“आहे ते लिहा. तीस वर्षं सुया टोचून घेतल्या, त्याचंच हे. वरवर चालतात, आतून मेलेली आहेत.” त्या थांबल्या. “डोळे गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते, बाई. म्हटलं, बोटं आहेत ना. काहीतरी करू. आता कळलं की तीही नव्हती.”

पुस्तक मी बरोबर आणलं होतं. सराव पुरेसा झाला नसेल, असं म्हणून मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि एक पान वाचून दाखवायला सांगितलं. त्या नाखुशीनेच वाचू लागल्या. ओळ ठीक जायची आणि एका जागी ठेच लागायची. ‘समोरच दार आहे’ याचं ‘समोरच चार आहे’ झालं, तेव्हा मी तोंड उघडणार होते, पण त्याच बोलल्या.

“एक विचारू का? रागावू नका.”

“विचारा.”

“माझं बोट दर वेळेला सातव्याच टाक्याला का मरतं?”

“काय म्हणालात?”

“मी मोजते. सवय आहे हो, शिवताना टाके मोजल्याशिवाय हात पुढे जात नव्हता, आता घरं मोजते. सहाव्या घरापर्यंत सगळं नीट. आठव्याला पुन्हा नीट. चुकतं ते सातव्यालाच. दर ओळीत नाही चुकत, पण चुकलं की सातवंच. मेलेलं बोट असं मोजून मरतं होय?”

आमच्या मशीनमध्ये ओळीतल्या प्रत्येक घरासाठी सहा सुया असतात. एखादी सुई खाली बसली तर तो ठिपका त्या जागी कुठल्याच ओळीत उठत नाही. सातव्या घराची पाचवी सुई बसली, की तिथल्या ‘ह’चा ‘ब’ होतो, ‘न’चा ‘म’, ‘द’चा ‘च’. जुन्या मशीनवर असं दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा मी पहिल्या पानाच्या दुसऱ्या ओळीला भाऊंना हाक मारली होती. मी त्यांच्या मांडीवरच्या पानाकडे हात नेला, घरं मोजत सातव्यापाशी बोट टेकवलं आणि दाबलं. ठिपका आहे की नाही, मला कळत नव्हतं. त्या बाईंना कळत होतं. पहिल्या दिवसापासून त्यांना कळत होतं आणि मी त्यांना खोटं पाडलं होतं.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. “कारण मी नंतर लिहिते,” असं काहीतरी पुटपुटले, चहा अर्धा टाकला आणि भिंत चाचपत जिना उतरले.

छापखान्यात परतून मी सांगितलं तसं भाऊंनी मशीन उघडलं. पाच मिनिटांत त्यांचा आवाज आला, “बसलीय. पाचवी सुई, सातवं घर. बरोबर सांगितलंत.” त्यांच्या आवाजात सुटका होती. “म्हणजे मशीनचाच दोष. वाचलो आपण. ताई, असं लिहू, की पहिली प्रत बरोबर होती, सुई नंतर बसली. म्हणजे तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही.”

“कपाटातली पहिली प्रत काढा.”

कपाटाचं दार करकरलं. पानं उलटल्याचा आवाज आला, एक, दोन, मग बऱ्याच अंतराने तिसरं.

“चष्मा आहे ना डोळ्यांवर?” मी विचारलं.

“आहे.”

“मग?”

“नाहीये, ताई. ठिपका नाहीये. पहिल्या पानापासूनच नाहीये.”

“आणि सही?”

“आहे. तुमचीच आहे.”

मशीनमधला पंखा तेवढा फिरत होता. मग भाऊंनी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ येऊन बसले. भाऊ वाईट माणूस नाही. एकतीस वर्षांत त्यांनी मला छापखान्यासमोरचा रस्ता एकदाही एकटीने ओलांडू दिला नाही.

“ऐका माझं. सुई उद्याच दुरुस्त होईल. एक नवी प्रत काढू, तुम्ही सही करा, कपाटात ठेवू. चाळीस लोकांना नव्या प्रती पाठवू, छपाई सुधारली म्हणून. कोणाला काही कळायचं नाही.”

“सहावं कलम काय म्हणतं?”

“कलमं राहू द्या हो. पुढच्या वर्षीचं अनुदान गेलं तर वर्ग बंद, पुस्तकं बंद, तुमचा पगार बंद. माझं काय, मी कुठेतरी हमाली करीन. तुम्ही या वयात कुठे जाणार? एवढ्या वेळी डोळेझाक करा, ताई.”

“ती मी जन्मापासून करतेय, भाऊ. त्यात नवीन काही नाही.”

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. मला भीती वाटत होती. पगाराची वाटत होतीच, तो काही चैनीचा नव्हता. पण त्याहून जास्त भीती एका वाक्याची होती: ताईंना आता वाचता येत नाही. मी सहा वर्षांची असताना पहिली ओळ वाचली होती. त्यानंतर मी आंधळी आहे असं मला कोणी म्हटलं तरी लागायचं नाही, कारण मला वाचता येत होतं. आता हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं.

सकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली.

“म्हणजे त्या बाईला वाटतंय तिची बोटं गेली?”

“हो.”

“आणि गेलीत तुझी.”

“हो.”

“सांगितलंस तिला?”

“आधी प्रतिष्ठानला कळवावं लागेल. पंधरा दिवसांत.”

“प्रतिष्ठान कुठे पळून जात नाही,” वहिनी म्हणाली. “ती बाई तिकडे बसलीय रडत. चल, मी येते बसपर्यंत.”

या वेळी टेलरबाईंनी चहाचं विचारलं नाही. कारण नोंदवायला मी पुन्हा आले असं त्यांना वाटलं असावं. मी बसलेही नाही. उभ्याने सांगितलं. मशीनची सुई, सातवं घर, कपाटातली प्रत, माझी सही, माझी साखर, सगळं. सांगताना माझा आवाज कोरडा होता.

“म्हणजे तिथे ‘बात’च होतं,” त्या सावकाश म्हणाल्या.

“हो.”

“तीन बुधवार मी बरोबर वाचत होते.”

“हो.”

“आणि सगळे हसत होते. आणि तुम्ही म्हणालात, अंदाजाने वाचू नका.”

“हो.”

“अंदाजाने कोण वाचत होतं?”

“मी.”

त्यांच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते, आणि मी त्याचीच वाट बघत होते. स्वयंपाकघरात त्यांची मुलगी भांडी हळू ठेवत होती, म्हणजे तीही ऐकत होती.

“पुस्तक आणलंय का?” टेलरबाईंनी विचारलं.

मी दिलं. त्यांनी ते मांडीवर उघडलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ताईचा बात धरा. बाहेर मळ आहे. समोरच चार आहे. काळजी मको. प्रत्येक चुकीच्या शब्दावर आवाज चढत गेला, अगदी ठासून. तिसऱ्या पानावर त्यांना हसू फुटलं, आतून मुलगीही हसली, आणि मग त्या हसता-हसता रडू लागल्या. मी खुर्ची शोधून बसले. माझंही नाक वाहायला लागलं होतं आणि रुमाल वहिनीच्या पिशवीत राहिला होता.

पत्र मी सांगितलं आणि भाऊंनी टाइप केलं. ‘पुस्तक क्रमांक एकमध्ये प्रत्येक ओळीच्या सातव्या घरात पाचवा ठिपका उठलेला नाही. चूक पहिल्या प्रतीपासून आहे. ती प्रत मी संपूर्ण वाचली आणि सही केली. माझ्या बोटांची संवेदना कमी झाली आहे. हे मला वर्षभर माहीत होते आणि मी ते संस्थेला सांगितले नाही.’

भाऊंचा टाइप करायचा आवाज थांबला. “हे वर्षभराचं कलमात विचारलेलं नाही.”

“‘चूक कशी झाली’ हे विचारलंय. अशी झाली.”

पुन्हा टकटक सुरू झाली. ‘चूक वर्गातील एका शिकणाऱ्या बाईंनी शोधून काढली. त्यांनी वर्ग सोडला तो माझ्यामुळे. यापुढे तपासनीस म्हणून माझी सही ग्राह्य धरू नये.’ खाली सही केली. भाऊंनी पट्टी कागदावर ठेवून दिली आणि खाच माझ्या पेनाखाली आणली. हे ते कधी करत नसत, माझं मीच करायचे.

अकरा दिवसांनी प्रतिष्ठानच्या बाई आल्या. दाराशी त्यांचा हात फलकावरून फिरल्याचा बारीक आवाज आला. कपाटातली प्रत त्यांनी मागून घेतली, भाऊंना प्रश्न विचारले, मशीन चालवून पाहिलं. दुपारी माझ्यासमोर येऊन बसल्या.

“पुस्तक नव्याने छापायचा खर्च आम्ही देऊ. अनुदान चालू राहील. तुम्ही मुदतीत कळवलंत म्हणून बैठकीत ते मंजूर झालं, सगळ्यांचं एकमत नव्हतं.” त्या अडखळल्या. “तपासनिसाचं पद राहील, पण माणूस दुसरा लागेल. दुसऱ्या एका शाळेतले गृहस्थ महिन्यातून दोनदा यायला तयार आहेत.”

“त्यांची बोटं तपासलीत का?”

“तपासली.” त्या किंचित हसल्या असाव्यात. “वर्ग तुम्हीच घ्यावा असं आम्हाला वाटतं. त्याचं मानधन मात्र पगाराच्या निम्मं आहे. मी करार पुन्हा वाचून पाहिला, तुमच्यासाठी काही करता येईल का म्हणून. त्यात काही सापडलं नाही.”

“सापडायला नको होतं,” मी म्हटलं. “चालेल मला निम्मं.”

चालणार नव्हतं खरं तर. वहिनीने पुढच्या महिन्यापासून शेजारच्या दोन घरांचा स्वयंपाक धरला आणि मला म्हणाली, तसंही तुझी बडबड ऐकत दिवसभर घरात बसवत नाही. टेबलाचा माझ्या बाजूचा खण मी रिकामा केला. नव्या तपासनिसांचा हात मोठा, ऊबदार आणि कोरडा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी एका पानावर दोन चुका काढल्या आणि भाऊ माझ्याशी दिवसभर उगीचच गोड बोलत राहिले.

दुसरं पुस्तक आलं ते मी रचलेलं नव्हतं. दुसऱ्याच कोणीतरी धडे लिहिले होते, तपासून आलं होतं, सही त्या गृहस्थांची होती. बुधवारी वर्गात सहाच्या सहा जण होते. टेलरबाई माझ्या उजव्या हाताला बसल्या. चौथ्या धड्यापर्यंत त्या सरळ वाचत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या.

“बाई, हे जरा बघा. वाट छोटी आहे की वात छोटी आहे? एका ठिपक्याचा फरक आहे, मला नक्की लागत नाहीये.”

आणि माझ्या बोटांचं विसरून, शिकणारे करतात तसं त्यांनी माझं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं.

मी बोट फिरवलं. मग दुसरं बोट. मग थांबून पुन्हा पहिलं. नुसता कागद. वाक्यही असं, की दोन्ही शब्द चालले असते, कुठलाही एक सांगितला असता तरी कोणाला संशय आला नसता. सगळे ताईंच्या उत्तराची वाट बघत होते.

“मला कळत नाही,” मी म्हटलं. “माझ्या बोटांना आता लागत नाही. तुम्हीच वाचा आणि मला सांगा.”

खुर्ची किंचित वाजली. टेलरबाईंनी माझं बोट हलकेच बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एकदा वाचलं, मागे गेल्या, पुन्हा वाचलं.

“वाट,” त्या म्हणाल्या. “उजवीकडे खाली ठिपका आहे, बारीक आहे, पण आहे. वाट छोटी आहे.”

“मग पुढे वाचा,” मी म्हटलं आणि हात मांडीवर घेतला.